आईच्या हिशेबाच्या वहीतली एक ओळ

पत्र थोडक्यात असं : लिहिणाऱ्या ताई ६४ वर्षांच्या आहेत, बँकेतून निवृत्त, कोथरूडला राहतात. त्यांच्या आई गेल्या श्रावणात ९१ व्या वर्षी गेल्या. वर्षश्राद्ध दोन महिन्यांवर आलं आहे. त्या दिवशी ३२ पानांची स्मरणिका काढायची असं तिन्ही भावंडांनी ठरवलं आणि मुख्य लेख ताईंकडे आला. त्या तीनदा लिहायला बसल्या. दर वेळी ‘प्रेमळ, कष्टाळू, सोशिक’ इथपर्यंत येऊन पेन थांबलं. मग आईंची ट्रंक उघडली, तर तळाशी हिशेबाच्या वह्या निघाल्या. पहिली ऑगस्ट १९६१ ची. त्याआधीच्या वह्या आणि नारायण पेठेतल्या वाड्यातलं सगळं बिऱ्हाड पानशेतच्या पुरात गेलं होतं. ताई तेव्हा पाच महिन्यांच्या होत्या. जून १९६३ च्या एका पानावर लिहिलं आहे : ‘शाळेचा कागद परत केला. टपाल. रॉकेल. साखर.’ पहिल्या वाक्याखाली रेघ आहे. साताऱ्याच्या मावशींना (वय ८८) फोन केला तेव्हा कळलं, की आई व्हर्नाक्युलर फायनल पास होत्या आणि त्यांना प्राथमिक शाळेत नेमणूक मिळाली होती. मावशी पुढे एवढंच म्हणाल्या, “जाऊ दे आता ते.” ताईंच्या मुलीला वाटतं, हेच छापलं पाहिजे. थोरले भाऊ म्हणतात, बाबांची बदनामी नको, त्या काळी बायका नोकरी करत नव्हत्या आणि आईने कधी तक्रार केली नाही. ताईंचा प्रश्न : “ती ओळ छापू की नको? आणि खरं विचारायचं तर, आमचं सगळं बालपण तिच्या मन मारण्यावर उभं होतं का?”

ताई,

छापायचं की नाही ते सांगतेच. त्याआधी ती ओळ पुन्हा एकदा नीट वाचू या, कारण घरात भांडण चाललंय ते त्या ओळीत नसलेल्या शब्दांवरून.

‘शाळेचा कागद परत केला.’ तुम्ही पत्रात लिहिता, “बाबांनी तिला नोकरी करू दिली नाही.” हे वाक्य तुमचं आहे. दादा म्हणतात, “तिला घरच प्रिय होतं, तिने आपणहून सोडलं.” हे वाक्य दादांचं. आईंनी यातलं काहीच लिहिलेलं नाही. कोणी परत करायला लावला, कोणी समजावलं, त्या रडल्या का, की सुटल्यासारखं वाटलं, यातलं काहीही नाही. फक्त एक रेघ आहे. ती दुःखाची असेल, रागाची असेल, किंवा ‘हे काम संपलं’ अशी खूण असेल. तुम्ही वह्या पाहिल्यात, मी नाही. आणखी कुठे कुठे त्या अशी रेघ मारत, ते आधी शोधा. वाण्याचं बिल चुकतं केल्यावर तशीच रेघ असेल, तर अर्थ वेगळा होईल. साठ वर्षांत ती एकदाच आली असेल, तर आणखी वेगळा.

आणि तुम्हीच दिलेली एक तारीख. धाकट्या बहिणीचा जन्म नोव्हेंबर १९६३ चा. म्हणजे त्या जूनमध्ये आईंना चौथा महिना असणार. घरात सहा वर्षांचा मुलगा, सव्वादोन वर्षांच्या तुम्ही, आणि पुरातून उठून दोनच वर्षं झालेली. बाबांना मी निर्दोष ठरवत नाहीये. शक्य आहे की ते नको म्हणाले. शक्य आहे की सासूबाई म्हणाल्या. शक्य आहे की कोणी काही म्हणायच्या आधीच आईंनी मनाशी हिशेब मांडला : बाळंतपण कोण करणार, तान्ह्याला कोण बघणार. त्या घरात त्यांना कोणी ‘तू जा, मी बघते’ म्हणालं नसेल, तर ‘आपणहून’ या शब्दाला फारसा अर्थ राहत नाही. तसाच ‘करू दिली नाही’ यालाही. मधली जागा मोठी आहे आणि बहुतेक बायकांची आयुष्यं त्या मधल्या जागेत गेली आहेत.

दादांचं ‘त्या काळी बायका नोकरी करत नव्हत्या’ हे मात्र तसंच सोडू नका, पुण्यात तर नाहीच. भिडे वाड्यात सावित्रीबाईंनी शिकवायला सुरुवात केली १८४८ मध्ये. मुलींची हुजूरपागा शाळा १८८४ पासून आहे. रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं १९०९ मध्ये आणि तिथून शिकून बायका शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या. आईंच्या हातात तो कागद आला तेव्हा या शहरात बाईने शाळेत शिकवण्याला ११५ वर्षं झाली होती. व्हर्नाक्युलर फायनल म्हणजे सातवी, आणि तेवढ्यावर प्राथमिक शिक्षक होता येत असे. आईंनी मागितलेली गोष्ट अशक्य कोटीतली नव्हती, म्हणून तर नेमणुकीचा कागद आला. दादांना हे रागाने सांगू नका. त्यांच्या वाक्यामागे बाबांबद्दलची माया आहे, ती मला दिसते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. तो तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिला आहे, पण झोप त्यानेच उडवली आहे असं वाटतं.

एखाद्या तीस वर्षांच्या बाईला वर्गात उभं राहून शिकवावंसं वाटतं आणि तिचं तिच्या मुलांवर जीव तोडून प्रेम असतं. या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या, एकाच दिवशीच्या असू शकतात. एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही. तुम्ही स्वतः पस्तीस वर्षं बँकेत होतात. मुलाला ताप असताना काउंटरवर बसलात तेव्हा मुलावर माया कमी होती का? आणि मुलाच्या गॅदरिंगसाठी रजा टाकलीत तेव्हा काम नकोसं झालं होतं का? मग आईंनाच एका मनाची शिक्षा का?

तुमच्या चार पानी पत्रात एक वाक्य फार घाईत येऊन गेलं आहे. “माझी दोन्ही मुलं तिनेच सांभाळली, ती रोज लोकमान्यनगरहून यायची.” बस, पुढे लगेच ट्रंकेची गोष्ट सुरू. मी त्या वाक्याशी थांबले. दहा वर्षं, असं तुम्ही दुसरीकडे लिहिलं आहे. वर्षाचे साधारण अडीचशे दिवस धरले तरी अडीच हजार सकाळी एक पंचावन्न-साठीची बाई पीएमटीची बस पकडून कोथरूडला आली आणि तुम्ही परतल्यावर तशीच परत गेली. पावसाळ्यातही. गुडघे दुखायला लागल्यावरही. १९६३ मध्ये आईंना ‘तू जा, मी बघते’ म्हणणारं कोणी होतं की नाही, ते आपल्याला ठाऊक नाही. तुम्हाला मात्र असं म्हणणारी बाई मिळाली, आणि ती त्या होत्या. यात मी काही जोडत नाही. दोन्ही गोष्टी तुमच्याच पत्रात आहेत, फक्त दोन वेगळ्या पानांवर.

म्हणून तुमच्या लेखाची सुरुवात ‘सोशिक’ने करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. यामागे माझी स्वतःची चूक आहे. माझी आई गेली तेव्हा शोकसभेसाठी मी एक पान लिहिलं होतं आणि त्यात तोच शब्द घातला होता. सभा संपल्यावर वाड्यातल्या एक शेजारीणबाई जवळ आल्या आणि म्हणाल्या, “सोशिक? अगं, वरच्या मजल्यावर नळ यावा म्हणून ती मालकाशी तीन वर्षं भांडली. तिच्यामुळे आम्हा सहा बिऱ्हाडांच्या कळश्या थांबल्या.” ती गोष्ट मला माहीत नव्हती. त्या नळाचं पाणी मी लहानपणभर प्यायले. जिने ते आणलं तिला मी ‘सोसणारी’ म्हणून निरोप दिला. ते पान आता बदलता येत नाही. तुमचं अजून छापायचं आहे.

‘सोशिक’, ‘कष्टाळू’, ‘त्यागमूर्ती’ हे शब्द खोटे नसतात. पण ते कोणाच्याही आईला बसतात आणि त्यांच्या आडून काम दिसेनासं होतं. काम हे तासांचं असतं, त्याला वजन असतं, त्यात डोकं लागतं. तुमच्याकडे तर ते सगळं तारीखवार लिहिलेलं आहे! बहुतेक घरांत आईच्या कामाचा एक कागद सापडत नाही. तुमच्याकडे ऑगस्ट १९६१ ते २०१९ अशा अठ्ठावन्न वर्षांच्या वह्या आहेत आणि तुम्ही एका ओळीपाशी अडून बसला आहात.

त्या पहिल्याच वहीकडे या. १२ जुलै १९६१ ला बांधकाम चालू असलेलं पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि पाणी पेठांत शिरलं. पूर ओसरल्यावर शहरात वेगळेच हाल सुरू झाले, कारण पुण्याला पाणी पुरवणारं खडकवासलाच रिकामं झालं होतं. घरात चिखल, प्यायला पाणी नाही, कडेवर पाच महिन्यांचं बाळ. आणि पुढच्याच महिन्यात या बाईने वही विकत घेतली. तुम्ही लिहिता, की पहिल्या पानावर कोणाकडून काय उसनं आणलं त्याची यादी आहे : पातेली दोन, परात, तवा, लुगडं एक. ज्यांचं सगळं वाहून गेलं त्यांनी सर्वांत आधी लिहून ठेवलं, ते परत काय करायचं आहे हे. माझं मत विचाराल, तर स्मरणिकेचं पहिलं पान हे आहे. त्याचा फोटो छापा. खाली एक ओळ पुरे : साल, महिना आणि तेव्हा आईंचं वय २८.

मग वह्या हळूहळू वाचा. दर रविवारी एक वही, सोबत मुलीला घ्या. खुणा तिला कळणार नाहीत, त्या तुम्ही सांगायच्या. ‘न.पै.’ म्हणजे काय असं तिने विचारलं, असं तुम्ही लिहिलंच आहे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, सोळा आण्यांचा रुपया शंभर नया पैशांचा झाला आणि १९६४ मध्ये ‘नये’ गळून नुसते पैसे राहिले. बाजारातली मापंही त्याच काळात बदलली, शेर गेला आणि किलो आला. म्हणजे संसार मांडल्यानंतरच्या दहा वर्षांत आईंना मोजण्याची भाषाच दोनदा नव्याने शिकावी लागली, तीही चुकून चालणार नाही अशा पगारात. एका वहीत समासात ‘४ आ. = २५’ असं लिहिलेलं तुम्हाला दिसलं. शिक्षिका व्हायला निघालेली बाई ती. स्वतःला शिकवत होती.

वाचताना बेरजा करा. दूध किती, दळण किती, कोणाच्या फिया केव्हा भरल्या. १९७२ च्या दुष्काळातली पानं मुद्दाम पाहा, धान्याच्या नोंदी बदललेल्या दिसतील. कुठला खर्च वाढला की कुठला कमी होतो, तेही बघा. बहुतेक वह्यांत आधी कमी होतं ते लिहिणाऱ्या बाईचं. साड्यांच्या नोंदी शोधा म्हणजे कळेल.

एक सावधगिरी. वहीत उसनवारी असेल, कोणाला किती दिले, कोणी बुडवले. ती नावं छापू नका. त्यांची नातवंडं तुमच्याच सोसायटीत राहत असतील. हिशेबाची वही ही घराची वही, ती वाचायला मन खाऊ नये. मनातलं लिहिलेली डायरी सापडली असती, तर मी वेगळं सांगितलं असतं : आधी एकाच भावंडाने वाचावी, आणि आईने खोडलेलं उजेडाला धरून वाचायचा प्रयत्न कोणीच करू नये.

आता ‘ती ओळ’. मला तीन वाटा दिसतात. पूर्ण वगळली, तर दादा शांत होतील आणि तुम्ही व मुलगी आयुष्यभर त्या गाळलेल्या ओळीकडे बघत राहाल. स्पष्टीकरणासकट छापली (‘घरच्या विरोधामुळे आईला नोकरी सोडावी लागली’), तर तुम्ही आईंच्या तोंडी न बोललेलं वाक्य घालाल आणि उत्तर द्यायला बाबाही नाहीत. तिसरी वाट मला बरी वाटते. त्या पानाचा फोटो तसाच्या तसा छापायचा, रॉकेल आणि साखरेसकट. खाली फक्त जे नक्की माहीत आहे ते : आई फायनल पास होती, तिला शाळेत नेमणूक मिळाली होती, जून १९६३ मध्ये तिने तो कागद परत केला, नोव्हेंबरमध्ये धाकटीचा जन्म झाला. दोष कोणाला नाही, आणि लपवाछपवीही नाही.

पण हे दादांशी बोलल्याशिवाय करू नका. छापखान्यातून आल्यावर त्यांनी ते पान पाहिलं, तर वर्षश्राद्धाच्या पंगतीत दोन गट पडतील. त्यांना घरी बोलवा. फोनवर नको, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तर मुळीच नको. ‘बाबांनी अडवलं का’ हा प्रश्न त्या दिवशी बाजूला ठेवा. दादा तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांना विचारा, शाळेत सोडायला कोण यायचं, अभ्यास कोण घ्यायचं, पाढे कोणी पाठ करून घेतले. ती वही त्यांच्या हातात द्या आणि चहा टाकायला आत जा. एकट्याने ती पानं उलटायला त्यांना थोडा वेळ हवा. तुम्हाला तो ट्रंक उघडली तेव्हा मिळाला, त्यांना अजून मिळालेला नाही. त्यानंतरही ते ‘नको’ म्हणाले, तर स्मरणिकेसाठी थांबा. बत्तीस पानांत ९१ वर्षं तशीही मावणार नाहीत. ते पान घरच्या संग्रहात राहू दे, मुलीला सांगून ठेवा. पुढच्या वर्षी, आणखी दोन वर्षांनी दादांचं मत बदलू शकतं. पुराचं पान, बसच्या अडीच हजार सकाळी आणि समासातला हिशेब एवढ्यावरही तुमचा लेख भक्कम उभा राहील.

वह्यांची काळजी घ्या, हा पावसाळा त्यांना सोसणार नाही. फाटल्या जागी चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर नकोच. खिडकीशी, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, दोन ठिकाणी साठवा, मग वह्या धुतलेल्या जुन्या सुती कापडात वेखंडाचे तुकडे घालून बांधा आणि जमिनीपासून, भिंतीपासून दूर ठेवा. फोटोंच्या मागे नावं लिहायची असतील, तर बॉलपेनऐवजी मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने.

ज्यांच्या आई, आजी आज घरात आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. ‘तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ असं म्हणून फोन समोर धरला, की म्हातारी माणसं गप्प होतात किंवा ‘आमचं काय, गेलं असंच’ म्हणतात. त्याऐवजी कागद-पेन्सिल द्या आणि वाड्याचा नकाशा काढायला सांगा : चौक कुठे, नळ कुठे, बंब कुठे तापायचा, तुम्ही कुठे झोपायचात. बोट नकाशावर फिरायला लागलं की आठवणी आपोआप येतात. चालवत असेल तर बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात घेऊन जा. तिथे दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी जपून ठेवली आहेत. माझी आजी तिथल्या एका भांड्यासमोर उभी राहिली आणि त्यात काय शिजायचं, कोणाला आधी वाढायचे आणि तिच्या पानात काय उरायचं, हे वीस मिनिटं सांगत होती. घरी मी वर्षभर विचारून ते कधी निघालं नव्हतं. एका वेळी अर्धा तास पुरे. मध्ये दुरुस्त्या करू नका, साल चुकलं तर चुकू दे. त्यांनी ‘हे लिहू नको’ म्हटलं, तर लिहू नका.

आणि ताई, मावशींना फोनवर विचारून भागणार नाही. ‘जाऊ दे आता ते’ हे फोनवरचं उत्तर आहे. साताऱ्याला जा, शक्यतो याच महिन्यात, मुलीला घेऊन, एक रात्र राहायच्या तयारीने. नोकरीचा विषय तुम्ही काढू नका. पुराच्या यादीचं पान दाखवा आणि विचारा, त्यातलं लुगडं कोणाचं होतं. मावशी तेव्हा चोवीस वर्षांच्या असणार. बहिणीचं घर वाहून गेल्यावर लुगडं पाठवणारी ती कदाचित त्याच असतील.